काकांची नवी सायकल

साहेब सकाळपासून तीनदा वर्कशॉपच्या मागच्या कोठीत जाऊन आले होते, आणि तिन्ही वेळा पडदा जिथल्या तिथेच होता. पडद्यामागे भिंतीच्या हुकाला एक नवी कोरी सायकल टांगलेली होती. काळी, बिननावाची, अंगावर एक अक्षरही नसलेली. ती तिथे आहे हे फक्त साहेबांना आणि मिस्त्रींना ठाऊक होतं, आणि ती कोणाची आहे हे तर मिस्त्रींनाही ठाऊक नव्हतं. शेठच्या एका पाहुण्यांसाठी आहे, एवढंच साहेबांनी त्यांना सांगितलं होतं. मापं ऐकून मिस्त्रींच्या भुवया वर गेल्या होत्या, पण तोंडात दोन स्क्रू धरलेले असल्यामुळे ते काही बोलले नव्हते.

सायकल होती पाखराची. पाखरू म्हणजे त्या वर्षीच्या सायकल शर्यतींत घाटात ज्याला कोणी हात लावू शकलं नव्हतं तो गडी. अंगावर मांस म्हणून नाही, पण चढ लागला की बाकीचे सायकल ढकलत येताहेत असं वाटावं, असा तो वर निघून जायचा. तो दुसऱ्या संघाचा होता. साहेब ज्या संघाचे मॅनेजर होते, त्यात तसं कोणीच नव्हतं. संघाचा खर्च उचलणारे शेठ गाद्या बनवायचे, त्यांच्या गादीचं नाव सगळ्यांच्या छातीवर छापलेलं होतं, आणि अलीकडे संघ इतका मागे पडत चालला होता की ती जाहिरात अंगावर शोभून दिसायची. शेवटी शेठनी निर्वाणीचं सांगितलं की पुढच्या हंगामात घाट जिंकणारा माणूस आणा, नाहीतर मी दुकान बंद करतो. दुकान म्हणजे संघ. मग गडी, मिस्त्री, मालिशवाले, ड्रायव्हर आणि खुद्द साहेब, सगळेच घरी.

साहेबांनी पाखराच्या घराचे उंबरे झिजवले आणि त्याला एकदाचं कबूल करून घेतलं. पण दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे, कोण कुठल्या संघातून कुठे चालला ही बातमी ठरलेल्या तारखेआधी फोडायची नाही, असा या खेळाचा नियमच होता. त्यावर पाखरानं आपली एक अट घातली होती. "आमच्या मॅनेजरनी मला पोटच्या पोरासारखं सांभाळलंय," तो म्हणाला होता. "त्यांना मी स्वतः सांगणार, तारखेच्या दिवशी, समोर बसून. त्याआधी त्यांच्या कानावर एक शब्द जरी गेला, तरी मी येत नाही." तोवर नव्या सायकलीची सवय व्हावी म्हणून त्याला एक सायकल गुपचूप हवी होती. घरामागच्या आडरस्त्यांवर तो ती चालवणार होता. ती ही.

दुसरी अडचण पहिलीपेक्षा मोठी होती, आणि तिचं नाव काका.

संघात जागा मोजक्याच. पाखरू आत यायचं तर कोणीतरी बाहेर जायला हवं, आणि कसाही हिशेब मांडला तरी बाहेर जाणारा माणूस काकाच निघत होता. काका संघाच्या गड्यांत वयानं सगळ्यात थोर. म्हणून सगळे त्याला काका म्हणायचे, त्याच्याहून मोठे असलेले साहेबसुद्धा. उंच, हडकुळा, पाय सुरू झाले की संपता संपत नाहीत असा. इतक्या वर्षांत त्यानं एकही शर्यत जिंकली नव्हती, कारण ते त्याचं कामच नव्हतं. शर्यतीत मागून येणाऱ्या संघाच्या गाडीजवळ यायचं, पाण्याच्या बाटल्या जर्सीमध्ये खुपसून पुढे न्यायच्या, वाऱ्याच्या तोंडाला स्वतः राहायचं, आणि कोणाचं चाक बसलं तर आपलं काढून द्यायचं. हे काम त्याच्याइतकं मनापासून करणारं दुसरं कोणी नव्हतं. यंदा त्याचा करार संपत होता, आणि पुढच्या वर्षी तू नाहीस, हे त्याला साहेबांनी सांगायचं होतं.

आता साहेबांना एकच दुखणं होतं. त्यांना कोणाला तोंडावर नाही म्हणता येत नसे. मनातल्या मनात ते वाघ होते, पण माणूस समोर आला की त्यांची जीभ टाळूला चिकटायची. काकाला सांगायचं म्हणून ते गेले कित्येक दिवस रोज त्याला गाठत होते आणि रोज सुरुवात गुडघ्यांपासून करत होते. गुडघ्यांवरून बोलणं वयावर जाईल, वयावरून विश्रांतीवर, आणि विश्रांतीवरून हळूच कराराकडे वळता येईल असा त्यांचा बेत होता. "गुडघे काय म्हणताहेत, काका?" असं ते विचारायचे. काका म्हणायचा, "ठणठणीत आहेत, साहेब." आणि बोलणं तिथेच अडायचं. मग साहेब त्याच्या घरच्यांची चौकशी करायचे, पाठीवर हात ठेवायचे आणि परत फिरायचे.

तर त्या सकाळी चौथ्यांदा पडदा बघायला जावं की काय, असा विचार करत साहेब ऑफिसात येरझारा घालत होते, आणि तेवढ्यात मागच्या बाजूनं बरेच आवाज ऐकू आले. त्यांना एकदम आठवलं की गेल्या आठवड्यात मिस्त्रींनी कुरकुर केली होती. गडी कॉफी पिताना साखर सांडतात आणि ती साखळ्यांना चिकटते, अशी तक्रार होती. तेव्हा कॉफीचं मशीन उचलून कोठीत ठेवायचा हुकूम साहेबांनी स्वतःच दिला होता. म्हणजे सगळ्या इमारतीत सराव संपल्यावर प्रत्येक जण न चुकता जिथे जातो, नेमक्या त्याच जागी त्यांनी आपलं गुपित टांगून ठेवलं होतं.

ते धावत गेले तेव्हा पडदा बाजूला झालेला होता आणि सायकल हुकावरून खाली आलेली होती. साखरेचा डबा शोधता शोधता पडदा तोफेनं ओढला होता. तोफ म्हणजे संघाचा शेवटच्या धावेचा गडी. शर्यत संपायला आली की अंगातली सगळी ताकद एका दमात सोडणारा, मांड्या खांबाएवढ्या, आणि तोंडही तसंच सुटलेलं. त्याच्याभोवती बाकीचे गडी हातात कप घेऊन उभे होते. कॉफी कोणीच पीत नव्हतं.

बाहेरच्या माणसाला सायकल म्हणजे सायकल. या लोकांचं तसं नसतं. अनोळखी सायकल दिसली की यांचा हात आपोआप पुढे होतो. सीट काखेत दाबायची, हात खाली सोडायचा आणि बोटं पेडलच्या आसाला टेकतात का बघायचं. टेकली तर सायकल आपल्या मापाची. मग कोपर सीटच्या टोकाला लावून हँडल किती लांब आहे तेही बघून घ्यायचं. एवढं केलं की मालकाचे पाय केवढे, हात केवढे, पाठ किती वाकते, सगळं कळतं. साहेबांनी सायकलीवरचं नाव पुसलं होतं, रंग साधा दिला होता, पण तिची मापं कशी लपवणार? स्वतः इतकी वर्षं सायकल मारलेल्या माणसाला हे सुचू नये, याचं त्यांना नंतरही राहून राहून नवल वाटत राहिलं.

एकेक गडी सीट काखेत घेत होता आणि एकेकाचा चेहरा उतरत होता. सायकल कोणाच्याच मापाची नव्हती. याचा अर्थ कोणीतरी नवा येतो आहे. आणि नवा येतो आहे याचा अर्थ आपल्यातला कोणीतरी जातो आहे. करार संपत आलेले गडी साहेबांकडे बघेनात, आणि ज्यांचे करार शिल्लक होते तेही मनातल्या मनात आपला कागद पुन्हा वाचू लागले.

"सीट किती खाली आहे बघा," तोफ म्हणाला. "पाय आखूड. पण हँडल केवढं लांब. म्हणजे हात लांब. पाय आखूड आणि हात लांब, असा माणूस मी कुठेतरी बघितलाय. पाठमोरा बघितलाय. घाटात."

तोफ डोळे मिटून आठवू लागला. घाटात तो नेहमी सगळ्यांच्या मागे असायचा, त्यामुळे त्याला पाठमोरे लोक बरेच आठवायचे होते, आणि तेवढाच काय तो साहेबांना अवधी होता. आणखी अर्ध्या मिनिटात नाव बाहेर पडणार, आणि तोफेच्या तोंडातून बाहेर पडलेलं नाव संध्याकाळपर्यंत गावभर होणार. पाखरू गेलं, शेठ गेले, संघ गेला.

"माझी आहे ती," मागून काका म्हणाला.

सगळ्यांनी वळून काकाकडे बघितलं. मग सायकलीकडे बघितलं. मग पुन्हा काकाकडे, खालपासून वरपर्यंत, आणि त्याला बराच वेळ लागला.

"गुडघे," काका शांतपणे म्हणाला. "डॉक्टरांनी सीट खाली घ्यायला सांगितलीय. साहेबांनी मुद्दाम बनवून घेतली. कोणाला बोलू नका म्हणाले होते."

कोठीत एकच गलका झाला. जाणाऱ्या माणसासाठी कोणी नवी सायकल बनवत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नवी सायकल म्हणजे नवा करार. काका राहणार, आणि बाहेरून कोणी येत नाही. सगळ्यांच्या जिवाला लागलेला घोर एकदम गेला. काकाला मिठ्या पडल्या, कॉफी सांडली, साखरही सांडली. तोफेनं तर साहेबांना उचललंच. उचललेल्या अवस्थेत साहेबांनी काकाच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि त्यांना काकाचे डोळे ओले झाल्यासारखे वाटले.

साहेबांना वाटलं, धरणी दुभंगावी. रोज आपण गुडघ्यांची चौकशी केली, त्याचा या बिचाऱ्यानं हा अर्थ काढला. ज्याला काढून टाकायचं तोच माणूस आपल्याला सायकल मिळाली म्हणून डोळ्यांतून पाणी काढतो आहे. यावर खरं बोलायचं तर सगळ्यांसमोर पाखराचं नाव घ्यावं लागणार. न बोलावं तर काका राहिला. साहेबांनी नेहमीप्रमाणे न बोलायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका सरावाला त्या सायकलीवर आला. साहेब मागून गाडीतून चालले होते, आणि समोरचं दृश्य त्यांना बघवत नव्हतं. पेडल मारताना काकाचे गुडघे वर येत होते ते जवळजवळ हनुवटीला लागत होते. तो लहान मुलाच्या तीनचाकीवर बसलेल्या आजोबांसारखा दिसत होता. मिस्त्री गाडीच्या खिडकीतून अर्धे बाहेर आले आणि थांब, सीट थोडी वर करून देतो, असं ओरडून सांगू लागले. काका ऐकायलाच तयार नव्हता. सीटला कोणी हात लावायचा नाही, हँडललाही नाही, आहे तेच छान आहे, असं त्यानं बजावलं. घाट चढताना त्याच्या तोंडातून असे काही आवाज येत होते की पुढचे गडी वळून बघत होते. वर पोहोचल्यावर साहेबांनी त्याला कसं वाटतंय विचारलं. "लोण्यासारखी चालते," काका म्हणाला आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसला. तिथून तो बराच वेळ उठला नाही.

इकडे पाखराचे फोन सुरू झाले. सायकल कुठे आहे? साहेबांनी सांगितलं, रंग वाळतोय. दोन दिवसांनी पुन्हा फोन. साहेब म्हणाले, दुसरा हात मारलाय, तो वाळतोय. तिसऱ्या फोनला पाखरानं विचारलं की तुम्ही सायकल रंगवताय की घर. साहेबांनी मिस्त्रींना बाजूला घेऊन तशीच दुसरी सायकल बनवायला सांगितली. मिस्त्री म्हणाले की त्या मापाचा सांगाडा कारखान्यात आता नाही. आणि शेठच्या पाहुण्यांचं काय झालं, असंही त्यांनी विचारलं. पाहुणे आजारी आहेत, असं साहेबांनी सांगितलं. मिस्त्रींच्या तोंडात या वेळी स्क्रू नव्हते, तरी ते काही बोलले नाहीत, आणि साहेबांना ते जास्त लागलं.

मग शेठचा फोन आला. शेठच्या पोटात काही राहत नसे. समोरच्याचा हात हातात घेतला की तो सोडेपर्यंत ते त्याला मनातलं सगळं सांगून टाकायचे. म्हणून साहेबांनी पाखराबद्दल त्यांना अवाक्षरही सांगितलं नव्हतं, फक्त "काम चालू आहे, शेठ" एवढ्यावर ठेवलं होतं. आता काकाला ठेवल्याची बातमी शेठना कळली होती, आणि तीही त्यांच्या न्हाव्याकडून.

"मी घाट जिंकणारा मागितला होता," शेठ म्हणाले. "तुम्ही आजोबा ठेवलेत."

साहेबांनी थोडा धीर धरा म्हणून विनवणी केली. शेठनी सोमवारपर्यंत धीर धरायचं कबूल केलं. सोमवार म्हणजे ठरलेली तारीख. सोमवारी नवं नाव जाहीर झालं नाही तर छातीवरची गादी काढून घेणार, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

एवढ्यावर भागलं असतं तरी साहेबांनी सोसलं असतं. पण खेळाच्या एका वर्तमानपत्रवाल्यानं काकाचा त्या सायकलीवरचा फोटो छापला. खाली त्यानं लिहिलं की अनुभवी सायकलपटूनं बैठकीचा एक धाडसी प्रयोग चालवला असून त्यामागचं शास्त्र संघानं गुप्त ठेवलं आहे. पुढच्या शर्यतीत साहेबांना दुसऱ्या दोन संघांतले गडी सीट खाली घेऊन गुडघे हनुवटीला लावताना दिसले. त्यातल्या एका संघाचे डॉक्टर येऊन साहेबांचा हात धरून बाजूला घेऊन गेले आणि तुमचं संशोधन कुठवर आलंय, म्हणून विचारू लागले. साहेब म्हणाले, रंग वाळतोय. त्यांना आता दुसरं काही सुचतच नव्हतं.

साहेबांची झोप उडाली. जेवताना ते घास हातात धरून बसू लागले. शेवटी बायकोनं खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे नाही म्हणता येत नाही म्हणून तू त्या माणसाला त्या खेळण्यावर बसवून डोंगर चढायला लावतोयस," ती म्हणाली. "मला एक सांग. मला लग्नाला होकार दिलास तो पण असाच का?"

साहेबांनी उत्तर द्यायला जरा उशीर केला, आणि त्या उशिराचं फळ त्यांना पुढे दोन दिवस भोगावं लागलं. पण त्याचा एक फायदा झाला. घरात बसण्यापेक्षा काकाकडे जाणं परवडलं, अशी वेळ आली. पाखरानंही शेवटचं सांगितलं होतं की रविवारी सायकल मिळाली नाही तर तुमचं काही खरं नाही असं मी समजेन. म्हणून रविवारी सकाळी साहेब काकाच्या दारात उभे राहिले. घंटा वाजवायच्या आधी त्यांनी वाक्य तीनदा म्हणून बघितलं. ती सायकल तुझी नाही आणि पुढच्या वर्षी तू संघात नाहीस. छोटं वाक्य होतं. म्हटलं तर कोणालाही म्हणता आलं असतं.

काकू दार उघडून पुन्हा इस्त्रीकडे वळल्या. काका स्वयंपाकघरात एका खुर्चीवर बसला होता आणि त्यानं पाय दुसऱ्या खुर्चीवर लांब केले होते. दोन्ही गुडघ्यांवर फ्रीजमधल्या गोठलेल्या मटारच्या पिशव्या ठेवलेल्या होत्या. सायकल भिंतीला टेकून उभी होती, लख्ख पुसलेली.

"गुडघे काय म्हणताहेत?" साहेबांच्या तोंडून निघून गेलं.

"ठणठणीत," काका म्हणाला, आणि पिशव्या सरकल्या त्या त्यानं पुन्हा नीट केल्या.

मग साहेब म्हणाले, मला तुझ्याशी जरा बोलायचंय. काका म्हणाला, मलाही तुमच्याशी बोलायचंय. आधी तू बोल, आधी तुम्ही बोला, असं बराच वेळ चाललं. काकूंचे दोन शर्ट इस्त्री करून झाले. तिसऱ्या शर्टाला त्या म्हणाल्या की दुपारपर्यंत असंच चालणार असेल तर मी बाहेर जाऊन येते.

साहेबांनी डोळे मिटले. "काका, ती सायकल तुझी नाही."

"माहिती आहे," काका म्हणाला. "पाखराची आहे."

साहेबांनी डोळे उघडले.

"इतकी वर्षं घाटात त्याच्या मागे रखडतोय, साहेब. त्याची सीट मला तुमच्या तोंडापेक्षा जास्त पाठ आहे. पडद्याआड बघितली आणि कळलं. तोफेला पण कळणारच होतं. म्हटलं, आता काहीतरी बोलायला हवं, नाहीतर पाखरू जायचं, शेठ दुकान बंद करायचे आणि सगळ्यांच्या पोटावर पाय यायचा. तोंडात आलं ते बोललो. तुम्हीच रोज गुडघे गुडघे करायचात, तेच आठवलं. मग एकदा बोललो म्हटल्यावर चालवायलाच लागली. सीट हलवू दिली नाही, कारण त्याची मापं बिघडली असती."

या माणसाला आपण मूर्ख समजत होतो, आणि हा आपल्या सगळ्यांचं अन्न वाचवायला स्वतःच्या गुडघ्यांची वाट लावत होता. पण बायकोचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला, आणि त्यांनी उरलेलं अर्धं वाक्यही घाईघाईत सांगून टाकलं.

"आणि पुढच्या वर्षी तू संघात नाहीस."

"हुश्श," काका म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद होता. "मी पण तेच सांगणार होतो. मी चाललोय, साहेब. दुसरीकडे मॅनेजरच्या गाडीत बसायचं काम मिळालंय. सायकल बंद. एक महिना झाला शब्द देऊन. तुम्हाला कसं सांगू तेच कळत नव्हतं. तुम्ही रोज एवढ्या मायेनं गुडघे विचारणार, घरच्यांचं विचारणार, पाठीवरून हात फिरवणार. म्हटलं, यांचा आपल्यावर एवढा जीव, आपण गेलो तर हे हाय खाऊन मरतील. म्हणून म्हटलं, जाता जाता निदान ती सायकल तरी चालवावी."

इथे साहेबांनी उठून नाचायला हवं होतं. जे सांगायच्या भीतीनं त्यांना महिनाभर अन्न गोड लागलं नव्हतं, ते आपोआप होऊन गेलं होतं. पण साहेब ताडकन उभे राहिले आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"तू मला सोडून चाललास?"

"तुम्ही मला काढायलाच आला होता ना?"

"ते वेगळं," साहेब म्हणाले. "मी काढणं वेगळं आणि तू जाणं वेगळं. इतक्या वर्षांचं हेच का? कोणाकडे चाललास?"

काका घुटमळला. त्यानं काकूंकडे बघितलं. काकू इस्त्री करता करता तोंड दाबून हसत होत्या, आणि हसणं बरेच दिवस दाबून ठेवलेलं असावं.

"सांगा की," त्या म्हणाल्या. "सांगा कोणाकडे, आणि कशाला नेताहेत ते पण सांगा."

"पाखराच्या संघात," काका खाली बघत म्हणाला. "त्यांच्या मॅनेजरनी बोलावलं. म्हणाले, आमच्या पाखराला सांभाळायला कोणीतरी जाणतं माणूस हवंय. तुम्ही फक्त त्याच्याकडे बघायचं. दुसरं काही काम नाही."

साहेब पुन्हा खाली बसले. ज्याला सांभाळायला काका तिकडे चालला होता, तो उद्यापासून इकडे असणार होता. काकाला हे पडदा सरकला त्या दिवसापासून ठाऊक होतं. एक शब्द बोलला असता तर नव्या मालकांनी त्याला डोक्यावर घेतला असता. पण गुपित साहेबांचं होतं, म्हणून तो गप्प बसला. आणि काम उरणार नाही हे कळूनही तिकडे नाही म्हणायला त्याची जीभ उचलेना, कारण शब्द दिला होता आणि ते मॅनेजर फार सज्जन होते.

साहेबांच्या मनात आलं, इतकी वर्षं हा माणूस आपलं चाक काढून दुसऱ्याला देत आला, आणि आपण त्याला द्यायला काय शोधलं, तर गुडघ्यांची चौकशी. गाडीत आपल्या शेजारची जागा रिकामी असते. तिथे आपण कोट टाकतो. हे आजवर आपल्या डोक्यात कसं आलं नाही?

"तू कुठेही जायचं नाही," ते म्हणाले. "गाडीत बसायचं तर माझ्या गाडीत बस. पाखराला सांभाळायचं तर इथे सांभाळ."

काकूंची इस्त्री थांबली. काकानं मान वर केली, आणि या वेळी त्याचे डोळे खरंच ओले होते. पण लगेच त्याचा चेहरा पडला. "मग त्यांना काय सांगू? नाही कसं म्हणू?"

"फोन लावा आणि सांगा," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःच नंबर लावून फोन काकाच्या हातात ठेवला. काकानं तो निखारा असल्यासारखा साहेबांच्या हातात दिला. "तुम्हीच बोला, साहेब. तुम्ही दोघं मॅनेजर. तुमचं तुम्हाला बरं जमेल."

एरवी साहेबांनी फोन पुढे कोणाकडे तरी सरकवला असता. पण आज त्यांनी एक अवघड वाक्य तोंडावर बोलून दाखवलं होतं आणि त्यानं कोणी मेलं नव्हतं. अंगात एक वेगळंच वारं शिरलं होतं. ते फोन कानाला लावून खोलीत ताठ मानेनं फिरू लागले. पलीकडून त्या सज्जन मॅनेजरांचा आवाज आला, तेव्हा त्यांनी प्रस्तावनाही केली नाही.

"काका तुमच्याकडे येणार नाही," ते म्हणाले. "नाही. नाही म्हणजे नाही. विचार करून बघणार नाही. आमचं ठरलंय."

नाही हा शब्द त्यांना फारच आवडला होता. आणखी एक-दोनदा त्यांनी तो कारण नसताना म्हटला. काका आणि काकू त्यांच्याकडे कौतुकानं बघत राहिले. पलीकडचे मॅनेजर काकुळतीला आले होते, आणि फोनचा आवाज मोठा असल्यामुळे खोलीत सगळ्यांना ते ऐकू येत होतं. असं आयत्या वेळी सोडू नका, असं ते म्हणत होते. दुसरा माणूस मी कुठून आणू? आमच्या पाखराला आता सांभाळणार कोण?

"त्याची तुम्ही अजिबात काळजी करू नका," साहेब रुबाबात म्हणाले. "उद्यापासून त्याला आम्हीच सांभाळणार आहोत."

पलीकडे काहीच ऐकू येईना. इकडेही काहीच ऐकू येईना. शर्टावर टेकलेली इस्त्री काकूंनी उचलली नव्हती, आणि जळका वास हळूहळू खोलीभर पसरू लागला. साहेब फोन कानाला धरून तसेच उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग एकेक पायरी उतरत चालला होता.

काकानं आपल्या गुडघ्यावरची मटारची एक पिशवी उचलली, खुर्चीवरून वाकून ती साहेबांच्या हातात दिली आणि म्हणाला, "बसा, साहेब. आधी ही डोक्यावर ठेवा."